आधी घासू की आधी झाकू

काळी गाडी घेतली की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक, "वा, काय रुबाब आहे!" म्हणणारी. दुसरी, पूर्वी कधीतरी काळी गाडी बाळगलेली. ती काही बोलत नाहीत. नुसती खांद्यावर हात ठेवतात आणि पुढे जातात.

मी गाडी घेतली ती अर्थातच पहिल्या तऱ्हेच्या माणसांसाठी. त्याच पैशांत, त्याच सालची, शिवाय कमी पळालेली पांढरी गाडी शेजारीच उभी होती. पण "पांढरी काय, टूरिस्टवाले घेतात," असं मी एजंटला अशा काही तोऱ्यात ऐकवलं, की त्याने काळीच्या किमतीवरची घासाघीस तिथेच बंद केली. गिऱ्हाईक नेमकं कुठे अडकलंय हे त्याला कळलं होतं. हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात बाहेर पडायची. तेव्हाचे लोक बिचारे नाइलाजाने काळी गाडी घेत. मी स्वखुशीने, हप्ते बांधून घेतली.

गाडी "डॉक्टरांची, एकहाती वापरलेली" होती. आपल्याकडे जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. मग दवाखान्यात इतका वेळ का बसवून ठेवतात, कळत नाही.

काळ्या रंगाचं असं आहे, की धुतल्यावर साधारण पाऊण तास तो काळा असतो. मग तो कोथरूडचा होतो. त्यात आमच्या सोसायटीत पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकतात आणि माझ्या नशिबी जांभळाखालची जागा आली. जून महिन्यात त्या झाडावर जे काही खाल्लं जातं आणि जे काही पचतं, ते सगळं माझ्या बॉनेटवर जमा होतं, जांभळ्या शिक्क्यासकट. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं हे तर खरंच, पण तेवढ्याने भागत नाही. उन्हात रंगावरचा पारदर्शक थर तापून मऊ पडतो, प्रसरण पावतो. वरची विष्ठा मात्र वाळून कडक होत जाते. आणि संध्याकाळी तो थर थंड होऊन आकसतो तो तिला धरूनच. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने विष्ठा निघते, तिचा नकाशा राहतो. माझ्या बॉनेटवर अशी लहानमोठी बेटं आहेत. एकाचा आकार थेट श्रीलंकेसारखा आहे.

यावर घरात दोन तट पडले. मला रंग मूळचा होता तसा उजळून हवा होता. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं, गेलं ते गेलं, आहे ते वाचव, वर काहीतरी लावून घे. बायकोचं म्हणणं, "टायर गुळगुळीत झालेत." हे तिसरं मत विषयाला धरून नसल्यामुळे विचारात घेतलं गेलं नाही.

पूर्वी गाडी नेत त्याला गॅरेज म्हणत. तिथे ग्रीस असायचं, अर्धा कप चहा असायचा आणि ज्याचं खरं नाव मालकालाही ठाऊक नसे असा एक बारक्या असायचा. आता त्याला डिटेलिंग स्टुडिओ म्हणतात. स्टुडिओ म्हटल्यावर मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काचेचं दार, वातानुकूलन, कॉफी, आणि छतभर मधमाशांच्या पोळ्यासारखे जोडलेले षटकोनी पांढरे दिवे. माझ्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा हातात काळे मोजे चढवत पुढे आला. "सर, आधी इन्स्पेक्शन करू," म्हणाला आणि दिवे लावले.

मी नवऱ्या मुलीच्या बापासारखा बाजूला उभा राहिलो.

त्या प्रकाशात माझी गाडी मी प्रथमच पाहिली. बॉनेटभर, दारांवर, पाठीमागे, जिकडे नजर जाईल तिकडे बारीक वर्तुळं. एकात एक, एकावर एक. "स्वर्ल मार्क्स," तो म्हणाला. मग त्याने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि रंगाची जाडी मोजायला सुरुवात केली. बॉनेट ११२ मायक्रॉन, टप १०८, उजवं दार ११५. हे आकडे तो शाबासकीच्या सुरात सांगत होता आणि दर आकड्याला माझी छाती फुगत होती, जणू ते माझेच गुण होते. डाव्या मागच्या दारावर यंत्र ठेवलं आणि तो थांबला. पुन्हा ठेवलं. ४१०.

"सर, डॉक्टरांनी इथं ऑपरेशन केलंय," तो म्हणाला. "लांबी भरलीय."

"कंपनी पेंट आहे, कुठे हात लागलेला नाही," हे वाक्य मी आजवर पाहुण्यांना चहाबरोबर देत आलो होतो. ते तिथल्या तिथे वारलं.

मुलगा मात्र मनापासून समजावत होता. पत्र्यावर आधी विजेच्या प्रवाहाने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट. चकाकी या शेवटच्या थराची. त्याची जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरतात. म्हणजे ज्याच्या जोरावर मी एवढा मिरवत होतो तो थर माझ्या डोक्यावर शिल्लक राहिलेल्या केसांहूनही पातळ होता. बरं, ओरखडा "काढतात" म्हणजे काय करतात? तर ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. एकाची उणीव दिसू नये म्हणून सगळ्यांना त्याच्या पातळीवर आणायचं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी हे पाहिलेलं आहे. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. त्यामुळे असं जोरदार घासणं गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा चालतं; पुढे चकाकी येते आणि थोड्याच दिवसांत रंगाचे पोपडे निघायला लागतात.

हे सगळं ऐकून मी गंभीर झालो होतो. तेवढ्यात तो मागे गेला, डिकीसमोर वाकला, मान तिरकी केली, हातातली बॅटरी आडवी धरली.

"सर, इथं काहीतरी लिहिलंय."

"कंपनीचं नाव असेल."

"नाही सर. मराठीत आहे." त्याने सहकाऱ्याला हाक मारली. दोघं वाकले. "गा..." एक म्हणाला. "ढ..." दुसरा म्हणाला. मग दोघंही एकदम सरळ उभे राहिले आणि व्यावसायिक सौजन्याने दिव्यांकडे बघू लागले.

गेल्या उन्हाळ्यात डिकीवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने "गाढव" लिहिलं होतं. मी ते कुणी पाहायच्या आत खिशातल्या रुमालाने खसाखसा पुसलं होतं आणि विषय संपला असं धरून चाललो होतो. पण रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू क्लिअर कोटपेक्षा कठीण. लिहिणाऱ्याने बोट दाबलं तेव्हा ते कण रंगात रुतत गेले. मी पुसली ती धूळ. अक्षरं थरात उतरली होती. एरवी दिसत नसत. प्रकाश तिरपा पडला की दिसत. मुलाने हे शास्त्र सांगितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एक-एक संध्याकाळ उभी राहिली. घरी परतताना पश्चिमेचं ऊन बरोबर डिकीवर येतं. सिग्नलला मागच्या गाड्यांमधली, स्कूटरवरची माणसं माझ्याकडे बघून हसत. मी आरशातून त्यांच्याकडे पाहून मान लववत असे. मला वाटायचं, काळ्या रंगाचा परिणाम.

घरी हस्ताक्षराची चौकशी बसली. संशय कन्येवर होता. तिने शांतपणे मराठीची वही आणून दिली आणि म्हणाली, "माझा ढ बघ. एवढं पोट सुटलेला नसतो." पोट सुटलेला ढ संपूर्ण इमारतीत फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आहे, सोसायटीच्या नोटिसा तेच लिहितात. पण त्यांचं वय पंचाहत्तर आणि पाण्याच्या टाकीच्या मीटिंगमध्ये मी त्यांना काय बोललो होतो हे मला आठवत असल्यामुळे चौकशी तहकूब करण्यात आली.

आता आधी घासू की आधी झाकू, हा प्रश्न नुसता रंगाचा राहिला नव्हता. भाऊ म्हणत होता तसं न घासता नुसतं वरून कोटिंग मारलं, तर? "तर सर, खाली जे आहे ते सगळं लॉक होतं," मुलगा म्हणाला. म्हणजे गाढव पाच वर्षांच्या वॉरंटीसह. पाऊस, ऊन, चिमण्या, कशालाही न जुमानणारं. आणि पीपीएफ लावली, म्हणजे ती पारदर्शक फिल्म, तर त्याहून बहार. ती दोनेकशे मायक्रॉन जाडीच्या पॉलियुरेथेनची असते आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात. म्हणजे उद्या मला उपरती होऊन मी ते नाव किल्लीने खरवडायला गेलो असतो, तरी दुपारपर्यंत ते पुन्हा सुवाच्य झालं असतं.

मग त्याने दरपत्रक काढलं. घासण्याचे तीन प्रकार, झाकण्याचे पाच. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. अख्ख्या गाडीला फिल्म लावायचा खर्च आणि अख्खी गाडी आज विकली तर येणारे पैसे, यांत फारसं अंतर नव्हतं. म्हणजे फिल्म काढून विकावी आणि गाडी तिच्यावर फुकट द्यावी. ही फिल्म मुळात हेलिकॉप्टरसाठी निघाली. व्हिएतनाम युद्धात वाळू-खड्यांनी पात्यांच्या कडा झिजत, म्हणून थ्रीएमने तसली फिल्म पुरवली होती. मी हिंजवडीला जातो. हेलिकॉप्टरला निदान रस्ता लागत नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत "९एच" लिहिलेलं होतं. "म्हणजे सर, हार्डनेस. हिऱ्याच्या जवळपास." आता गाडीतलं मला काही कळत नाही, पण पेन्सिलीतलं कळतं. इंजिनिअरिंगला ड्रॉइंगच्या शीटवर एचबी, टूएच, फोरएच करत माझी एक टर्म बुडालेली आहे. हे ९एच त्याच पट्टीतलं. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून थरावर दाबत ओढतात. सगळ्यांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर थर ९एच. हिऱ्याचा दहा आकडा येतो तो मोह्सच्या खनिजांच्या पट्टीत. या दोन पट्ट्यांचं एकमेकींशी नातं नाही. दोघींत आकडे आहेत, एवढंच. वाळूच्या कणाला माझी गाडी पेन्सिलीची परीक्षा उत्तीर्ण आहे हे कुणी सांगायचं? गोट्याएवढा दगड उडून आला तर सिरॅमिकचा तो मायक्रॉनभर थर त्याला काय अडवणार! पाणी मात्र त्यावरून मोत्यांसारखं घरंगळतं, हे कबूल करायला हवं. मुलाने फवारा मारून दाखवला. मी तीनदा मारायला लावला.

यापूर्वीच्या गाडीला शोरूममधल्या माणसाने मला टेफ्लॉन कोटिंग विकलं होतं. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसरंच काही शोधताना सापडलं. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तव्यावर पक्कं बसवायचं तर त्याहून जास्त तापवावं लागतं. माझ्या गाडीवर ते एका मुलाने सावलीत, स्पंजने, गाणी ऐकत बसवलं. ते किती दिवस टिकलं ते कळायला मार्ग नाही, कारण ते लावल्याने काय झालं तेही कळलं नव्हतं.

इथे मला कल्हईवाल्याबद्दल बोलायचं आहे. गाडी थोडा वेळ उभी राहील, तिला सवय आहे. कल्हईचा विषय निघाला की मला आवरत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको या ठिकाणी उठून कुकर लावायला जाते.

आजोळी, साताऱ्याला, दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा. बोळाच्या तोंडाशी त्याची "कल्हईऽऽय" अशी आरोळी उठली की घराघरांतून तपेली, पराती, गंज, पातेली बाहेर पडायची. तो जमिनीत वीतभर खड्डा करायचा, कोळसे भरायचा, कातड्याचा भाता बसवायचा. भाता हलवायला मिळावं म्हणून आम्हा मुलांत मारामाऱ्या. पण मला खरा आवडायचा तो आधीचा भाग. त्याचा पोरगा मोठ्या पातेल्यात अनवाणी उभा राहायचा, पायाखाली गोणपाटाचा तुकडा आणि वाळू, हात भिंतीला टेकवलेले, आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. आख्खं शरीर पिळायचा. जुनी काळवंडलेली कल्हई, करपलेला थर, हिरवा कळक, सगळं निघून तांबं लाल दिसेपर्यंत तो पातेल्यातून बाहेर यायचा नाही. त्याला "बास झालं" म्हणायचा अधिकार फक्त बापाला होता, आणि बाप ते क्वचित म्हणायचा.

मग भांडं निखाऱ्यावर. तापलं की नवसागराची चिमूट. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकातून थेट डोक्यात जायचा, आम्ही खोकत पळायचो आणि धूर विरायच्या आत परत यायचो, कारण पुढचं चुकवून चालणार नसे. कथलाची कांडी तो भांड्याला नुसती टेकवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं. टेकवली की थेंब सुटायचा. कापसाचा बोळा हातात घेऊन त्या थेंबावरून एक गोल फिरवायचा, आणि बघता बघता लाल तांब्यावर चांदणं पसरायचं. सगळ्या प्रकाराला एखाद मिनिट. लगेच भांडं पाण्यात. चर्रर्र.

नसती कल्हई तर तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी कळकायची, पोटात मळमळ सुटायची. तेव्हा तो थर शोभेचा नव्हता, पोटाचा होता. तरी आजी, जिचा उल्लेख आमच्या घराण्यात साधेपणाचा आदर्श म्हणून होतो, ती कल्हईची परात ओट्यावर अशी तिरकी ठेवायची, की ऊन बरोबर समोरच्या घराच्या खिडकीत जावं. काळी गाडी घेणारं रक्त कुठून आलं, याचा शोध मी याहून मागे नेलेला नाही.

आणि तो कल्हईवाला आजीला कधी विचारायचा नाही, की नुसतं घासू की नुसती कल्हई करू. सिल्व्हर की गोल्ड, हेही विचारायचा नाही. भांड्याच्या आकारावर दर, त्यात घासणंही आलं आणि झाकणंही. वॉरंटी म्हणजे तो सहा-आठ महिन्यांनी परत यायचा. आजी पातेलं पुढे करायची, "अरे, तळाला तांबूस दिसायला लागलं." तो म्हणायचा, "आजी, उलथणं जरा हलक्या हाताने फिरवा." ती म्हणायची, "पिठलं काय हलक्या हाताने होतंय?" यावर दोघांचं एकमत होऊन तो ताक पिऊन पुन्हा भाता लावायचा. पुढे घराघरांत स्टील आलं, आजीनेही पहिली स्टीलची ताटं मोठ्या हौसेने नाव घालून घेतली, आणि बोळातला तो खड्डा बुजला.

हे सगळं मी स्टुडिओतल्या मुलाला सांगितलं. त्याने न हलता ऐकून घेतलं. फक्त शेवटी म्हणाला, "सर, मग सिरॅमिक फायनल करू?"

मी विचार करतो म्हणालो. तेव्हा त्याने, जाता जाता, अगदी चांगल्या हेतूने सांगितलं, "काहीही करा सर, पण तुमच्याकडे रोज गाडी पुसायला येतो ना कुणी? त्याला आधी बंद करा. हे सगळे सर्कल त्याचे आहेत."

मी पुन्हा दिव्यांखाली वाकलो. खरंच होतं. बॉनेटवरची वर्तुळं कडेकडेने दाट होती आणि मध्याकडे विरळ होत गेली होती. दारांवर ती खांद्याच्या उंचीला मोठी, खाली कडेजवळ लहान, घाईची. आणि टपाच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंनी हात पोहोचत नाही अशा ठिकाणी, एक पट्टा स्वच्छ होता. एकही रेघ नाही. "इथं पेंट एकदम फ्रेश आहे सर," मुलगा कौतुकाने म्हणाला. गाडी पुसायला येणाऱ्या मामांची उंची पाच फुटांच्या आसपास. टपाच्या मध्यापर्यंत त्यांचा हात जात नाही, एवढाच त्या पट्ट्याचा इतिहास.

मामा पहाटे पाचला येतात. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या मिळून चाळीसेक गाड्या, दोन बादल्या. पाणी बोअरचं, कारण नळाचं पाणी गाड्यांना वापरायचं नाही असा ठराव आहे; मांडणारा मीच. बोअरच्या त्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात म्हणून तक्रार करणाराही मीच. गाडीमागे महिन्याला आम्ही त्यांना जे देतो तेवढ्यात त्या स्टुडिओत एकदा नुसता फेस मारून मिळतो. पावसाळ्यात "पाऊस धुतोच की" म्हणून दोन-तीन घरं त्यातलेही पैसे कापतात. फडकी कुणीच देत नाही; कुणाचा तरी जुना बनियन, कुणाची साडी, तेच चाळीस गाड्यांवरून फिरतं आणि पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत नेतं. एकदा दिवाळीचे पैसे देताना मामांनी हात पुढे केला तेव्हा मी बोटं पाहिली होती. पाण्याने आणि साबणाने पेरापेरांत चिरलेली, चिरांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. त्यावर कोणतं कोटिंग चालतं, हे त्या दरपत्रकात नव्हतं. आणि मला तिथे, वातानुकूलित दिव्यांखाली, हातात कॉफी असताना राग आला होता तो कुणाचा, तर त्यांचा. आधी त्यांचाच आला. मग काही वेळ मला त्या मुलाशी धड बोलता येईना. त्याला वाटलं, दर जास्त झाले.

शेवटी मी प्लॅटिनम वगैरे नाकारलं. एकदाच, हलक्या हाताने मशीन फिरवा, जे जाईल ते जाऊ दे, श्रीलंका राहिली तरी चालेल. डिकीवर तेवढे चार हात जास्त मारा. वरून मेण. कार्नाउबा मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात ते. "सर, ते दोन-तीन महिन्यांत उतरतं," मुलगा कळवळून म्हणाला. म्हटलं, चालेल, मग परत येईन. ताक ठेवा. त्याला संदर्भ लागला, पण हसला नाही. त्याचं कमिशन पाण्यात गेलं होतं.

गाडी आली ती अशी, की कन्येने डिकीत बघून वेणी घातली. भावाने वाकून वाकून पाहिलं, पण वाचण्यासारखं काही सापडलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका मुद्दाम खाली उतरले, डिकीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि "बरी निघालीय हो," म्हणाले. काय बरं निघालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच दिवशी मी मामांसाठी दोन नवीन बादल्या, तळाला गाळ अडकवणाऱ्या जाळ्या, सहा मायक्रोफायबरची फडकी आणि एक जाडजूड मऊ टॉवेल आणला. टॉवेलची किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची, फडकं गोल न फिरवता सरळ ओढायचं, शेवटी टॉवेल फक्त टेकवायचा, दाबायचा नाही, असं सगळं मी त्यांना प्रात्यक्षिकासह सांगितलं. मामांनी नवीन सुनेचा स्वयंपाक चाखावा तशा चेहऱ्याने ऐकून घेतलं.

थंडीच्या दिवसांत एकदा सहाच्या सुमारास गॅलरीत आलो तर खाली मामा सेक्रेटरींची गाडी पुसत होते, जुन्याच बनियनने, आणि माझा तो टॉवेल त्यांच्या गळ्याला, कानांवरून दोन वेढे देऊन, गच्च बांधलेला.

"मामा!" मी वरून ओरडलो. "टॉवेल गाडीसाठी आहे हो!"

"माहितीय की साहेब," ते मान न वळवता म्हणाले. "तुमच्या गाडीलाच वापरतो. तोवर जरा कान झाकतो."

"मग माझी गाडी कधी?"

"सगळ्यात शेवटी. दोन बादल्या, सरळ हात, टेकवून टेकवून पुसायची म्हंजे येळ लागतो. बाकीच्यांची घाई उरकून मग निवांत तुमची. साडेनऊ धरा."

मी साडेआठला निघतो. ओली गाडी बाहेर काढली तर वाटेत धूळ चिकटून पाण्याचे डाग पडतात, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळे हल्ली मी बसने जातो. बस लाल आहे, तिच्यावर जागोजाग ओरखडे आहेत, मागच्या काचेवरच्या धुळीत काय काय लिहिलेलं आहे, आणि खिडकीजवळ जागा मिळाली तर हिंजवडीपर्यंत छान झोप लागते.